मर्झबान: जुन्या इराणच्या सरहद्दीवरचे सेनापती-सुभेदार

गडवाट:
गेली आठ वर्षं मी सीएसएमटीला उतरून मर्झबान रोडवरून ऑफिसला जातोय. पाटीवरचं नाव रोज वाचायचो आणि कुणी मोठे पारशी गृहस्थ असतील म्हणून पुढं जायचो. ते खरंच आहे म्हणा, रस्ता मंचेरजी मर्झबान या इंजिनिअरच्या नावाचा आहे, आणि १८२२ ला मुंबई समाचार काढणारे फर्दुनजीही मर्झबानच. पण मध्यंतरी सासानी इराणवर वाचायला लागलो आणि हाच शब्द हुद्दा म्हणून समोर आला. मर्झ म्हणजे हद्द आणि बान म्हणजे राखणारा, आपल्या दरबानातला बान तोच. सरहद्द राखणारा तो मर्झबान.

सासानी राज्य इ.स. २२४ ते ६५१. पश्चिमेला रोमन, उत्तरेला कॉकेशसच्या खिंडीतून घुसणारे हूण आणि अलान, ईशान्येला मध्य आशियातले हेफ्थलाइट, नैऋत्येला अरबांचं वाळवंट. राजधानी तेसिफोन, म्हणजे आजच्या बगदादच्या जवळ. तिथून ईशान्य हद्दीवरचं मर्वचं ठाणं (आता तुर्कमेनिस्तानात) सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटरच्या वर. आता विचार करा, मर्वच्या मर्झबानानं प्रत्येक चढाईला राजाचा हुकूम मागवायचा म्हटलं तर उत्तर येईपर्यंत लुटारू लूट घेऊन परत घरी पोचलेले असणार. त्यामुळं त्याला फौज, किल्ले, खर्चाला महसूल आणि स्वतः निर्णय घ्यायचा अधिकार द्यायलाच लागायचा. मानही तसाच होता, चांदीचं आसन मिळायचं आणि अलान-खझर हद्दीच्या सेनापतीला तर सोन्याचं, अशी परंपरा सांगतात.

आणि खरी गोम इथंच आहे. ज्याला एवढं सगळं दिलं तो राजावर उलटला तर? या एका प्रश्नाशी इराणचे बादशहा हजार वर्षं झगडत होते असं माझं मत होत चाललंय, आणि तेवढ्यासाठीच धागा काढला. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला प्लीज.

ओसरी:
छान विषय. एक बेसिक शंका. पेपरात नेहमी येतं ना, अमुक पक्षाचे प्रादेशिक क्षत्रप वगैरे, ते क्षत्रप आणि हे मर्झबान एकच का?

बखरवाचक:
ओसरीताई, नाही. क्षत्रप त्याच्या बरेच आधीचे, हखामनी काळातले, म्हणजे सायरस आणि दारियसच्या वेळचे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं दारियसच्या राज्याचे २० प्रांत दिलेत, वसुलीसकट. क्षत्रप हा आख्ख्या प्रांताचा धनी असायचा, प्रांत हद्दीवरचा असो नाहीतर आतला. मर्झबान खास सरहद्दीचा आणि मुळात लष्करी माणूस.

गडवाट म्हणतात तो प्रश्न मात्र तेव्हाही होताच. सार्डिसला, म्हणजे आत्ताच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, ओरोइतिस नावाचा क्षत्रप होता. तो दारियसला जुमानेना, राजाचा निरोप्या सुद्धा त्यानं मारून टाकला, आणि पदरी १,००० पर्शियन शिपाई. फौज पाठवायची तर मोठं युद्ध होणार. तेव्हा दारियसनं बगायस नावाच्या माणसाला राजाच्या शिक्क्याची बरीच पत्रं देऊन एकट्याला पाठवलं. बगायस दरबारात गेला, एकेक पत्र उघडून तिथल्या शाही लेखनिकाच्या हातात वाचायला द्यायला लागला आणि स्वतः बघत राहिला तो पहारेकऱ्यांच्या चेहऱ्याकडं. पत्रांना ते मान देतायत हे दिसल्यावर त्यानं पुढचं पत्र दिलं, त्यात होतं की ओरोइतिसचा पहारा सोडा. शिपायांनी भाले खाली ठेवले. मग शेवटचं पत्र, ओरोइतिसला ठार करा. त्याच शिपायांनी कमरेच्या आखूड तलवारी काढून त्याला तिथंच संपवलं. हेरोडोटसच्या तिसऱ्या पुस्तकात आहे हे.

यात त्या लेखनिकाकडं नीट लक्ष द्या. तो क्षत्रपाच्या दरबारात बसायचा पण माणूस राजाचा. ठाण्यांचे किल्लेदारही पुष्कळदा थेट राजाला जबाबदार असायचे. आपल्याकडं महाराजांनी एका गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघं नेमले, एकट्याच्या हातात गड राहू नये म्हणून, तीच अक्कल इथंही दिसते.

ओसरी:
अंगावर काटा आला वाचताना. तो पत्रं वाचणारा लेखनिक शेवटचं पत्र उघडताना काय विचार करत असेल.

नाणेघाट:
क्षत्रप शब्दाचा विषय निघालाय तर थोडं अवांतर पण आपल्या मातीतलं. मूळ जुना पर्शियन शब्द क्षत्र म्हणजे सत्ता आणि पा म्हणजे राखणे याच्यापासून झालेला. गोप, नृप, भूप मधला प तोच. आणि मर्झबानातला बान पण याच पा धातूचा, म्हणजे दोन्ही शब्दांत राखणदार बसलेलाच आहे.

ही पदवी ग्रीक आणि शकांच्या मार्गानं आपल्याकडं आली आणि थेट नाशकापर्यंत पोचली. क्षहरात घराण्याचा क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात, पांडवलेण्यात दहा नंबरच्या लेण्यात त्याच्या दानाचे लेख आहेत, कुणीही जाऊन बघावेत. नंतर गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरातांचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातकर्णीनं आपले छाप मारलेले. मी त्यातलं एक नाणं भिंगातून बघितलंय, नहपानाचं नाक आणि कपाळ दिसतं आणि गालावरून सातवाहनांचं उज्जैन चिन्ह गेलेलं. अर्थात नहपानाला काही इराणच्या बादशहानं नेमलेलं नव्हतं, फक्त पदवीचा प्रवास सांगतोय.

गडवाट:
नाणेघाट, एक नंबर माहिती. आता मला ज्याच्यासाठी धागा काढावासा वाटला ते लिहितो, आर्मेनिया.

आर्मेनियात आधी स्वतःचा राजा होता, पण तिथल्या वतनदार सरदारांचंच त्याच्याशी पटेना, ते बादशहाकडं तक्रार घेऊन गेले आणि ४२८ मध्ये बहराम पाचवा यानं राजाच काढून टाकला. तेव्हापासून द्विन या शहरात बसून मर्झबान कारभार बघायला लागला. सरदारांची वतनं तशीच ठेवली आणि त्यांचं घोडदळही तसंच, फक्त ते घोडदळ आता बादशहाच्या लढायांना जायचं. काही काळ बरं चाललं. मग येझदगर्द दुसरा यानं ४४९ च्या सुमारास सरदारांना तेसिफोनला बोलावून घेतलं आणि सांगितलं ख्रिस्ती धर्म सोडा, आमचा अग्निपूजेचा धर्म घ्या. त्यांनी तिथं मान तुकवली आणि घरी परत आल्यावर बंड केलं.

या वेळचा मर्झबान कोण, तर वसाक स्यूनी. म्हणजे आर्मेनियनच, स्यूनिक प्रांताचा वतनदार, बाहेरून आलेला इराणी नाही. आधी बंडात सामील झाल्यासारखा दिसला आणि मग बादशहाच्या बाजूला गेला. ४५१ च्या मे महिन्यात अवारायरच्या मैदानात लढाई झाली, बंडाचा सेनापती वर्दान मामिकोन्यान मारला गेला. जिंकले इराणी, पण त्यांचीही माणसं एवढी पडली की धर्म लादायचा नाद पुढं हळूहळू सोडायलाच लागला.

निवृत्त_मास्तर:
गडवाट, तुमचा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी धाकटी मुलगी येरेवानला मेडिकलला आहे, तिला भेटायला आम्ही दोघं गेलो होतो. तिथं वर्दानचा घोड्यावरचा मोठा पुतळा आहे, १९७५ मध्ये बसवलेला, घोडा असा झेपावलेला की खाली उभं राहिलं की आपल्याच अंगावर येतोय असं वाटतं. मुलीच्या वर्गातला एक आर्मेनियन मुलगा आम्हाला फिरवत होता. त्यानं लढाईचं साल, महिना, तारीख सगळं घडाघडा सांगितलं, जसं आपलं पोरगं पावनखिंडीचं सांगेल तसं. मी वसाकचं नाव काढलं तर त्याचा चेहराच बदलला. त्यांच्याकडं ते नाव म्हणजे सरळ गद्दार. वर्दान आणि त्याच्या साथीदारांचा दिवस तिथलं चर्च अजून दरवर्षी पाळतं.

बखरवाचक:
वसाकबद्दल थोडी वेगळी बाजू मांडतो, पटलं तर बघा. त्याची मुलं बादशहाकडं ओलीस होती. मर्झबान स्थानिक नेमायचा आणि त्याची पोरं दरबारात ठेवून घ्यायची, ही सासान्यांची पद्धत. म्हणजे त्यानं बंड केलं असतं तर मुलं गेली असती आणि नाही केलं म्हणून देश गेला.

आणि बादशहानं तरी त्याला काय दिलं? येघिशे नावाच्या आर्मेनियन इतिहासकारानं त्याचा शेवट लिहून ठेवलाय. वसाक दरबारात आला तो बादशहानं दिलेले सगळे मान अंगावर घालून. कपाळाला मानाची पट्टी, त्यावर मुकुट, कमरेला मोती आणि रत्नं जडवलेला सोन्याचा पट्टा, कानात कुंडलं, गळ्यात हार, खांद्यावर सेबलच्या कातड्याचा झगा. तिथं त्याला राजाचा निरोप विचारला गेला की हे सगळं तुला कुठल्या कामगिरीबद्दल मिळालंय ते सांग. मग एकेक वस्तू उतरवून घेतली आणि मरणाच्या कैद्याचे कपडे चढवले. वर प्रांताच्या वसुलीची थकबाकी त्याच्याच नावावर काढली, आणि तो तुरुंगात मेला.

ओसरी:
बखरवाचक, मुलं ओलीस हे वाचून वाईट वाटलं हे खरं, पण वर्दानच्या बाजूला गेलेल्या बाकीच्या सरदारांनाही मुलंबाळं होतीच की. त्यांनी तरीही उडी घेतली. मला वसाकबद्दल दया येते, आदर नाही वाटत.

निवृत्त_मास्तर:
+१ ओसरीताई. येघिशे स्वतः आर्मेनियन आणि धर्मगुरू, तेव्हा तो वसाकला सोडणार नाही हेही लक्षात ठेवायला पाहिजे, पण तरी तुमचंच म्हणणं मला जवळचं वाटतं.

गडवाट:
दोघांचंही पटतंय. आता पुढचं ऐका, मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट ही आहे. ४८१ मध्ये वर्दानचाच पुतण्या वाहान मामिकोन्यान यानं पुन्हा बंड केलं. तो डोंगरात पळत होता, फौज मागं लागलेली, कधीही संपला असता. आणि तेवढ्यात ४८४ मध्ये बादशहा पेरोझ इराणच्या पार दुसऱ्या टोकाला हेफ्थलाइटांवर चालून गेला. त्यांनी म्हणे लांबलचक खंदक खणून वरून गवत-माती टाकून झाकून ठेवला होता, इराणी घोडदळ भरधाव आलं आणि थेट आत. पेरोझ, त्याची मुलं, सगळं सैन्य गेलं.

मग नवीन बादशहा बलाशकडं पश्चिमेला लढायला ना पैसा ना माणूस. त्यानं न्वार्साकला वाहानशी तह केला, धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं कबूल केलं आणि ४८५ मध्ये त्याच वाहानला आर्मेनियाचा मर्झबान केलं! कालपर्यंत ज्याच्या डोक्यामागं लागले होते त्यालाच हद्दीच्या चाव्या. पूर्वेच्या हद्दीवर खड्डा पडला आणि पश्चिमेच्या हद्दीवर बंडखोर सुभेदार झाला, एकाच वर्षात. सरहद्दी वेगवेगळ्या नव्हत्याच, एकच दोरी होती, एका टोकाला ओढली की दुसरीकडं सुटायची.

वाळूसिमेंट:
मी सिव्हिलवाला, त्यामुळं माझा प्रश्न वेगळा. एवढी लांब हद्द नुसत्या घोडदळावर राखता येत नाही, काही बांधकाम होतं का?

नाणेघाट:
होतं आणि जबरदस्त होतं. कास्पियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात गोरगानची भिंत, साधारण १९५ किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे अंतराहूनही जास्त. तीसपेक्षा जास्त किल्ले त्या भिंतीला लागून. लोक तिला सिकंदराची भिंत म्हणायचे पण कार्बन डेटिंगनं पाचव्या-सहाव्या शतकातली निघाली, म्हणजे सासानीच. विटा चौकोनी, साधारण ४० सेंमी बाय ४० आणि १० सेंमी जाड. भिंतीच्या कडेनं वीटभट्ट्यांची रांगच रांग सापडली, हजारोंच्या घरात. आणि विटांच्या मातीला पाणी लागतं म्हणून कालवे काढून पाणी भिंतीच्या बाजूनं खेळवलेलं.

वाळूसिमेंट:
बापरे. ४० बाय ४० बाय १० म्हणजे एक वीट भरून २५ किलोच्या पुढं जाणार. एका माणसाला दिवसभर उचलता येणार नाही. आणि भट्टी जागेवर लावायची हे एकदम बरोबर, आम्ही आजही रेडीमिक्स प्लांट साईटजवळ बघतो. काम कुणी कॉपी-पेस्ट करून केलेलं नाही, प्लॅनिंग करणारा डोकेबाज होता.

नाणेघाट:
दुसरं बांधकाम कास्पियनच्या पश्चिम किनाऱ्यावर, दर्बंद. आता रशियात, दागेस्तानमध्ये. एका बाजूला कॉकेशसचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी, उत्तरेकडून घोडेस्वार यायचे ते तिथूनच. आधी येझदगर्द दुसऱ्याच्या वेळी कच्च्या विटांची भिंत होती, मग खुस्रो पहिला (५३१ ते ५७९) याच्या काळात दगडाच्या दोन समांतर भिंती बांधल्या, डोंगरावरच्या किल्ल्यापासून निघून पार समुद्राच्या पाण्यात शिरलेल्या, म्हणजे उथळ पाण्यातून पण कुणी वळसा घालून जाऊ नये.

मला त्यातली आवडती गोष्ट म्हणजे भिंतीवरचे पहलवी, म्हणजे तेव्हाच्या इराणी भाषेतले लेख. राजाची स्तुती वगैरे नाही. आझरबैजानचा हिशेबनीस दारियस (तो जुना बादशहा नव्हे) याचं नाव पुन्हा पुन्हा कोरलंय. सरहद्दीच्या भिंतीवर नाव राहिलं ते पैसे मोजणाऱ्याचं.

आणि पैशाचं म्हणाल तर ५६२ मध्ये रोमनांशी ५० वर्षांचा तह झाला त्यात पहिलंच कलम या खिंडीचं होतं, की इराणनं हूण-अलानांना इकडून येऊ द्यायचं नाही. रोमन दरवर्षी ३०,००० सोन्याची नाणी देणार होते.

बखरवाचक:
खुस्रो पहिल्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मूळ प्रश्नावर सगळ्यात मोठा उपाय त्यानंच केला. आधी सगळ्या इराणचा एकच सरसेनापती असायचा, त्यानं पदाचे चार तुकडे केले, पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण असे चार स्पाहबेद. ही नुसती दंतकथा समजायचे काही लोक, पण त्या स्पाहबेदांच्या मातीच्या मोहरा सापडल्या, नाव, दिशा, बादशहा सगळं कोरलेलं.

पण उपाय टिकला नाही. खुस्रोचा मुलगा होरमझ्द चौथा, त्याचा सेनापती बहराम चोबीन. या बहरामनं ५८८ मध्ये पूर्वेला तुर्कांचा पार धुव्वा उडवला, मग कॉकेशसमध्ये रोमनांकडून एक छोटी लढाई हरला. तर बादशहानं त्याला काय पाठवावं? बायकी कपडे आणि सूत कातायची चाती. आपल्याकडं बांगड्या पाठवतात ना तसं. बहरामनं तो आहेर आपल्या सैनिकांना दाखवला आणि सगळं सैन्य त्याच्या मागं उभं राहिलं. ५९० मध्ये होरमझ्दला दरबाऱ्यांनीच आंधळा करून मारला आणि बहराम तेसिफोनच्या गादीवर बसला. राजघराण्याबाहेरचा माणूस! पुढच्या वर्षी खुस्रो दुसरा रोमन सम्राट मॉरिसची फौज घेऊन आला तेव्हा कुठं तो हटला.

ओसरी:
जिंकलेल्या माणसाला असं वागवतात का. चार तुकडे करून काय उपयोग, जर बादशहाला माणूसच कळत नसेल.

गडवाट:
अगदी. आणि खुस्रो दुसऱ्यानं पण तेच केलं, वेगळ्या हद्दीवर. फुरातच्या पलीकडं हीरा म्हणून अरब राज्य होतं, लख्म घराण्याचं, तीनशे वर्षं त्यांनी इराणसाठी वाळवंटाची बाजू सांभाळली. ६०२ च्या सुमारास खुस्रोनं त्यांचा राजा नुअमान याला मारलं आणि घराणंच मोडलं, आपला माणूस बसवला. थोड्याच वर्षांत धी कार इथं अरब टोळ्यांनी इराणी फौजेला हरवलं. आणि ६३३ मध्ये खालिद बिन वलीद हीऱ्यात शिरला तेव्हा अडवायला लख्मी उरलेच नव्हते.

निवृत्त_मास्तर:
शेवट कसा झाला तेही लिहा गडवाट. आमच्या शेजारी एक पारशी मावशी राहायच्या, त्यांच्या कॅलेंडरवर वेगळंच साल असायचं, त्या म्हणायच्या हे यझदेगर्द राजाचं साल. त्याच्याशी संबंध आहे ना?

गडवाट:
हो मास्तर, तोच. येझदगर्द तिसरा, ६३२ मध्ये लहान वयात गादीवर आला, पारशी लोक साल तिथून मोजतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं १३९४ लागलं.

६४२ मध्ये नहावंदला इराणी फौज हरली आणि हा राजा पूर्वेकडं सरकत राहिला, इस्फहान, केरमान, सीस्तान. जाईल तिथं सुभेदारांकडं पैसे आणि माणसं मागायचा, आणि ते कंटाळून वाटेला लावायचे. शेवटी मर्वला पोचला. तिथला मर्झबान माहोय. त्याच्याकडंही वसुली मागितली. माहोयनं शेजारच्या हेफ्थलाइट सरदाराला, नेझकला, हाताशी धरलं आणि राजावर घातलं. राजा एकटा पळाला आणि मर्वजवळ एका पिठाच्या गिरणीत लपला. तिथं ६५१ मध्ये मारला गेला. कुणी म्हणतं गिरणीवाल्यानं दागिन्यांसाठी मारलं, कुणी म्हणतं माहोयच्या माणसांनी. अंत्यविधी मर्वच्या ख्रिस्ती धर्मगुरूनं केला असं सांगतात. ज्या ठाण्यासाठी भिंती बांधल्या, पोरं ओलीस ठेवली, हिशेबनीस बसवले, तशाच एका ठाण्याच्या धन्यानं शेवटच्या बादशहाला दार लावलं, हे वाचल्यापासून रोज त्या पाटीखालून जाताना मला थांबावंसं वाटतं.

ओसरी:
आणि त्याची मुलं? ती पण गेली का सगळी?

नाणेघाट:
एक मुलगा पेरोझ पूर्वेकडं निसटला आणि चीनच्या तांग सम्राटाकडं मदत मागत राहिला. ६६१ मध्ये तांग दरबारानं त्याला हद्दीवर नवीन काढलेल्या 'इराण' विभागाचा सेनापती-सुभेदार नेमलं, कागदोपत्री का होईना. ते ठाणं काही वर्षांतच गेलं आणि तो तांग राजधानीत जाऊन राहिला.

तिथल्या सम्राट गाओझोंगच्या कबरीसमोर, छ्यानलिंगला, परदेशी पाहुण्यांचे साठहून जास्त दगडी पुतळे दोन रांगांत हात जोडून उभे आहेत. जवळपास सगळ्यांची मुंडकी तुटलीत. त्यातल्या एकाच्या पाठीवर चिनी अक्षरात पेरोझचं नाव आहे, इराणचा राजा म्हणून, आणि सोबत तांग फौजेतला त्याचा हुद्दा.